विश्लेषण : नर्सरीच्या कुंडीतून जंगलात गेलेला ‘सडन ओक डेथ’ रोग काय आहे? तो रोखणे इतके अवघड का?

शोभेच्या झुडपांच्या पानांवर केवळ तपकिरी डाग पाडणाऱ्या एका सूक्ष्मजीवाने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लक्षावधी वृक्षांचा बळी घेतला आहे. ‘सडन ओक डेथ’ या नावाने ओळखला जाणारा हा रोग पुढे ब्रिटनमधील जंगलांतही शिरला. लागण झालेला वृक्ष बरा करण्याचा उपाय अजूनही हाती नाही. विशेष म्हणजे या रोगाला लांबचा पल्ला गाठून दिला तो वाऱ्याने नव्हे, तर रोपांच्या व्यापाराने.

रोगाचा शोध कसा लागला?

१९९०च्या दशकाच्या मध्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरिन काउंटीत टॅनओक जातीची झाडे वाळू लागली. पाठोपाठ ओकही मरू लागले. खोडातून लालसर-काळा द्रव पाझरायचा आणि काही आठवड्यांत सगळी पाने तपकिरी व्हायची. त्यामुळे ‘अचानक मृत्यू’ हे नाव पडले. प्रत्यक्षात सालीखाली रोग बराच आधी शिरलेला असतो.

२००० मध्ये डेव्हिड रिझ्झो आणि मात्तेओ गार्बेलोट्टो या कॅलिफोर्निया विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी यामागचा सूक्ष्मजीव शोधून काढला. हाच जीव जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये १९९३ पासून रोडोडेंड्रॉनच्या झुडपांवर आढळत होता. २००१ मध्ये त्याला ‘फायटोफ्थोरा रॅमोरम’ असे नाव देण्यात आले.

ही बुरशी आहे का?

दिसायला बुरशीसारखा असला, तरी हा जीव खरी बुरशी नाही. शास्त्रीय वर्गीकरणात तो शेवाळांच्या काही गटांना अधिक जवळचा आहे. त्यामुळे बुरशीवर चालणारी अनेक औषधे त्याच्यावर परिणामकारक ठरत नाहीत. त्याचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. पाऊस, धुके आणि ओली पाने त्याच्या पथ्यावर पडतात.

फायटोफ्थोरा या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘वनस्पतींचा नाश करणारा’. हे कुळ महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. नागपुरी संत्र्यावरील डिंक्या, कोकणातील सुपारीचा कोळेरोग आणि बटाट्यावरील उशिरा येणारा करपा या साऱ्यांमागे याच कुळातील वेगवेगळ्या प्रजाती आहेत. १८४५ पासून आयर्लंडमध्ये पडलेल्या भीषण दुष्काळाला हाच करपा कारणीभूत ठरला होता.

न मरणारी झाडे अधिक धोकादायक का?

या रोगाची लागण शंभरहून अधिक प्रकारच्या वनस्पतींना होते. पण प्रत्येक वनस्पती मरत नाही. कॅलिफोर्नियातील बे लॉरेल हे दालचिनी आणि तमालपत्राच्या कुळातील झाड. त्याच्या पानांच्या टोकांवर फक्त डाग पडतात, झाड मात्र हिरवेगार राहते. या पानांवर बीजाणू मोठ्या संख्येने तयार होतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर शेजारच्या ओकच्या खोडावर पडतात. ओक मरतो, पण त्याच्या खोडावरून रोग पुढे सहसा जात नाही. म्हणजे मरणारे झाड रोगाचा शेवटचा थांबा आणि टवटवीत दिसणारे झाड त्याचा वाहक.

शोभेच्या झुडपांचेही तेच. रोडोडेंड्रॉन, कॅमेलिया, व्हायबर्नम यांची पाने डागाळतात, कोवळे शेंडे वाळतात. ही लक्षणे उन्हाचा चटका किंवा पाण्याचा ताण समजून दुर्लक्षित राहतात. काही वेळा औषधफवारणीने डाग दबतात, पण रोग संपत नाही. असे रोप निरोगी समजून विकले जाते.

रोपांबरोबर रोग कुठे कुठे गेला?

२००४ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या नर्सरीतील कॅमेलियावर हा रोग सापडला. तोवर तिथली रोपे अमेरिकेच्या अनेक राज्यांत पोहोचली होती. २०१९ मध्ये रोडोडेंड्रॉनच्या रोपांसोबत तो मध्य-पश्चिमेकडील राज्यांतील विक्रीकेंद्रांत गेला. ब्रिटनमध्ये २००२ मध्ये तो प्रथम व्हायबर्नमवर आढळला. २००९ मध्ये नैर्ऋत्य इंग्लंडमधील जपानी लार्च या लाकडासाठी लावल्या जाणाऱ्या वृक्षांवर त्याने झेप घेतली. प्रसार रोखण्यासाठी तिथे लार्चची मोठ्या प्रमाणावर तोड करावी लागली.

हा जीव अमेरिका वा युरोपातील मूळचा नाही. अलीकडच्या संशोधनात तो व्हिएतनाम आणि जपानमधील जंगलांत सापडला आहे. तिथल्या वनस्पती त्याच्यासोबत दीर्घकाळ वाढल्या; कॅलिफोर्नियाच्या ओकला मात्र त्याच्याशी लढण्याची सवय नव्हती.

नुकसान केवळ झाडांचे आहे का?

नाही. टॅनओकची फळे हे कॅलिफोर्नियाच्या किनारी भागातील अनेक मूळनिवासी समाजांचे पारंपरिक अन्न. झाडासोबत त्याभोवतीच्या प्रथाही धोक्यात येतात. शिवाय जंगलात साचलेले वाळके लाकूड वणव्याला इंधन पुरवते.

उपाय काय केले गेले?

ओरेगनमधील करी काउंटीत २००१ मध्ये रोग आढळताच बाधित आणि आसपासची झाडे तोडून जाळण्यात आली. तरीही त्याचा समूळ नायनाट झाला नाही आणि अखेर उद्दिष्ट ‘प्रसार मंदावणे’ इतकेच ठेवावे लागले. फॉस्फाइट हे औषध आधीच दिल्यास काही ओक वाचू शकतात. मात्र लागण झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत नागरिकांच्या मदतीने पानांचे नमुने गोळा करून रोगाचा नकाशा तयार केला जातो. बे एरियातील मराठी कुटुंबेही ज्या टेकड्यांवर भटकंतीला जातात, तिथे उतरताना बुटांचा चिखल झटकण्याचे आवाहन याच कारणासाठी असते.

भारताला यातून धडा काय?

भारतात या रोगाची नोंद नाही. मात्र हिमालयात ओक आणि रोडोडेंड्रॉन, म्हणजे बांज आणि बुरांश, एकाच जंगलात वाढतात. परदेशातून रोपे आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. सुटकेसमध्ये लपवून आणलेली एखादी फांदी ही सारी तपासणी चुकवते.

देशांतर्गत व्यापाराचा मार्गही वेगळा नाही. आंध्रातील कडियमची रोपे ट्रकने महाराष्ट्रात येतात, तिथून ती सोसायट्यांच्या बागांत आणि शेतांत जातात. संत्र्यावरील फायटोफ्थोरा बागेत शिरण्याचे एक प्रमुख कारण बाधित कलमे हेच आहे. म्हणूनच निर्जंतुक मातीत, पिशव्यांमध्ये वाढवलेली रोगमुक्त कलमे लावण्यावर नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था भर देते.

रोप घेताना काय पाहाल?

- पानांवरचे डाग, वाळलेले शेंडे, खोडातून पाझरणारा डिंक दिसल्यास ते रोप घेऊ नका.
- नवे रोप काही आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवा.
- पाणी पानांवर न मारता मुळाशी द्या; कुंडीत साचू देऊ नका.
- रोगट पाने खतखड्ड्यात टाकू नका. छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसा.
- फळझाडांची कलमे शासनमान्य नर्सरीतूनच, पावती घेऊन खरेदी करा.