पंख विकत घेताना

बँकेत कारकून लागला की बँक त्याला काम शिकवते. एसटीचा ड्रायव्हर परवाना स्वतः काढतो हे खरं, पण डेपोत नव्या बनावटीची गाडी आली म्हणून ती शिकायचे पैसे त्याच्याकडून कोणी मागत नाही. विमानाच्या पायलटचं तसं नाही. नोकरीची हमी कुणी दिलेली नसताना त्याला स्वतःच्या शिक्षणावर सत्तर-ऐंशी लाख, कधी कोटभर रुपये घालावे लागतात. खासगी मेडिकललाही तेवढे लागतात, असं कुणी म्हणेल. पण नोकरी नाही मिळाली तर डॉक्टर गल्लीत दवाखाना थाटतो. पायलटला गल्लीत विमान थाटता येत नाही. त्याला गिऱ्हाईक एकच, विमान कंपनी, आणि आपल्या देशात मोठ्या कंपन्या बोटांवर मोजण्याइतक्या.

कोंढव्यातल्या एका ओळखीच्या घरी हा प्रश्न आला होता. मुलगा बारावी सायन्स, वडिलांचा गावाकडे एक प्लॉट. घरात व्याज चालत नाही, म्हणून कर्जाचा विषय नव्हता. प्लॉट विकायचा की नाही, एवढंच ठरायचं होतं. त्यांनी मला विचारलं, कारण कवीला वेळ असतो असा लोकांचा समज आहे. मग मी चौकशीला लागलो.

पैसे भरून नेमकं काय मिळतं, ते आधी पाहू. व्यावसायिक पायलटच्या परवान्यासाठी किमान २०० तास उड्डाण करावं लागतं, त्यातले १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून. विमान लहान, दोन-चार आसनांचं. शिवाय नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा: हवाई मार्गशोधन, हवामानशास्त्र, नियम, विमानाचं तंत्र. रेडिओवरून बोलण्याची परीक्षा वेगळीच. (आकाशवाणीवर बोलायला मला कधी परीक्षा द्यावी लागली नाही, हे श्रोत्यांचं दुर्दैव.) या सगळ्याला साधारण पन्नास लाख किंवा त्याहून अधिक लागतात.

दोनशे तास म्हणजे फार नाहीत, असं वाटतं. पण पावसाळा असतो, विमान दुरुस्तीला जातं, शिकवणारे कमी पडतात, एका विमानामागे मुलांची रांग असते. वर्ष-दीड वर्षाचं काम अडीच-तीन वर्षांवर जातं आणि राहण्याजेवणाचा खर्च चालूच राहतो. म्हणून काही जण दक्षिण आफ्रिकेत किंवा अमेरिकेत जातात. तिथे तास लवकर भरतात, पण परत आल्यावर परवाना भारतीय करून घ्यावा लागतो.

आणि हा परवाना हातात आला तरी प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. त्यासाठी त्या-त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. एअरबस ए-३२०चं वेगळं, बोइंगचं वेगळं. हे बहुतेक सिम्युलेटरवर होतं आणि त्याचे आणखी पंधरा-वीस लाख, काही ठिकाणी त्याहून जास्त. तेही बऱ्याचदा उमेदवारच भरतो. चुकीच्या विमानाचं रेटिंग घेतलं आणि भरती दुसऱ्याच विमानासाठी निघाली, तर ते पैसे अडकले.

स्वखर्चानं उडायला शिकणं आपल्याकडे जुनंच. जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईच्या फ्लाइंग क्लबमधून देशातला पहिला क्रमांकाचा परवाना मिळवला. पण ते टाटा होते, आणि नोकरी शोधत नव्हते. तोच क्लब पुढे धुळ्याला शिकवू लागला आणि तिथे येणारी मुलं नोकरीसाठीच येतात. बारामती, गोंदिया, नागपूर इथेही शिक्षण होतं. एअर इंडियानं २०२४ मध्ये अमरावतीला स्वतःची शाळा काढायचं जाहीर केलं.

पुण्यात बसून या गोष्टीकडे पाहिलं, की एक विसंगती फार टोचते. खडकवासल्याला एनडीए आहे. तिथून हवाई दलात जाणाऱ्या मुलाच्या, आणि २०२२ पासून मुलीच्याही, उड्डाणशिक्षणाचा खर्च सरकार करतं. पण त्याआधी उमेदवाराला पायलटसाठीची एक चाचणी द्यावी लागते आणि तीत नापास झालेल्याला ती पुन्हा देता येत नाही. हे निष्ठुर वाटेल, पण त्यामागे हिशेब आहे. ज्याचा पैसा लागतो, तो आधी पारखून घेतो. खासगी शाळेत पैसा मुलाचा लागतो, मग शाळेनं त्याला कशाला पारखावं? हात जड असलेला, घाबरणारा मुलगाही फी भरतो. उलट त्याला तास जास्त लागतात, म्हणजे तो जास्तच फी भरतो. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत निवड कडक असते, पण बिल उमेदवाराच्याच घरी येतं. ब्रिटिश एअरवेजनं २०२३ मध्ये निवडक उमेदवारांचा खर्च स्वतः करायची योजना जाहीर केली, तेव्हा ती बातमी झाली. आपल्याकडे ‘महाज्योती’नं इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी नागपूरला सोय केली, पण जागा मोजक्या.

‘पायलटचा तुटवडा आहे’ हे वाक्य जाहिरातीत नेहमी असतं. ते खोटं नाही, अर्धं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, पुण्यातलीही. विश्रांतीचे नवे नियम आले आणि वैमानिक कमी पडले. पण मोठी ओढ असते ती कॅप्टनची. कॅप्टन होण्यासाठी जो परवाना लागतो, त्याला १,५०० तास हवेत, आणि ते सहवैमानिक होऊनच भरतात. दोनशे तासांच्या मुलाची रांग निराळी. त्यात २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट जमिनीवर आली, तेव्हा अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवी मुलं रांगेत मागे गेली. थांबायलाही पैसे लागतात. दरवर्षी वैद्यकीय तपासणी, उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेचं नूतनीकरण, हात चालू राहावा म्हणून थोडे तास. आम्ही कवीही पहिला संग्रह पदरच्या पैशानं छापतो, पण न खपलेल्या प्रती माळ्यावर टाकता येतात. न वापरलेला परवाना शिळा होतो.

त्या घराला मी प्लॉट विकू नका असं सांगितलं नाही. मुलाची ओढ खरी होती. क्रम मात्र बदला, म्हणालो. आधी क्लास वन वैद्यकीय तपासणी, कारण रंग ओळखण्यातला दोष किंवा हृदयाची तक्रार तिथे निघते, आणि ती फी भरल्यावर निघालेली बरी नव्हे. मग घरी राहून लेखी परीक्षा. त्या उड्डाणाआधीही देता येतात आणि खर्च त्या मानानं किरकोळ. त्यानंतर शाळा. तिथे चकचकीत ऑफिस न बघता धावपट्टीवर जावं. उडती विमानं किती, शिकवणारे किती, मुलं किती, दोन वर्षांपूर्वी आलेल्या बॅचमधल्या कितींना परवाना मिळाला, हे त्याच मुलांना चहाच्या टपरीवर विचारावं. महासंचालनालयानं २०२५ पासून शाळांना श्रेणी द्यायला सुरुवात केली आहे आणि पहिल्या यादीत सर्वांत वरची श्रेणी एकाही शाळेला मिळाली नाही. पैसे एकरकमी भरू नयेत, उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्यानं भरावेत. मध्येच शाळा सोडावी लागली किंवा शाळाच बंद पडली तर उरलेले किती दिवसांत परत मिळतील, हे पावतीवर लिहून घ्यावं.