कीर्ती एकाची, दंतचक्रे दुसऱ्याची

मोटारीच्या नाकावर झळकणारे मानचिन्ह पाहून तिचे सारे अंतरंग त्याच घराण्यात घडले असावे, अशी जी समजूत बहुतेकांच्या मनात दृढ असते, ती निदान एका अवयवापुरती तरी फारशी खरी नाही. आणि तो अवयव म्हणजे, ज्याच्यामुळे तालेवारांच्या मोटारीला ती सुप्रसिद्ध संथ, निर्धक्का गती लाभते तो स्वयंचलित गिअरबॉक्स.

साध्या मोटारीत चालक क्लच दाबून इंजिन आणि चाके यांचा संबंध क्षणभर तोडतो, गिअर बदलतो आणि संबंध पुन्हा जोडतो; स्वयंचलित मोटारीत ही मध्यस्थी मुख्यतः तेलाकडे असते. इंजिनला जोडलेले एक पात्यांचे चक्र बंद कवचात तेल वेगाने भिरकावते, ते तेल समोरच्या दुसऱ्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवते, आणि या दोहोंत धातूचा धातूला स्पर्श नसल्यामुळेच सिग्नलपाशी गाडी उभी असताही इंजिन बंद न पडता चालू राहते. गाडीने वेग घेतला की मात्र एक क्लच या दोन्ही चक्रांना एकत्र जखडून टाकतो, म्हणजे तेल घुसळण्यात शक्ती वाया जात नाही. तेलाच्या मध्यस्थीची ही युक्ती हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली पेटंटने आपल्या नावावर करून घेतली ती मोटारीसाठी नव्हे, तर वाफेची टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा तेवढ्या वेगाने फिरवून चालत नाही, या पेचातून वाट काढण्यासाठी. मोटारीत या तेलाच्या चक्रांमागे दंतचक्रांची ग्रहमाला असते: मध्ये सूर्यचक्र, भोवती ग्रहचक्रे, बाहेर आतून दाते पाडलेले कडे. हे दाते एकमेकांत कायमचे गुंतलेले असतात. सूर्य, ग्रहांची चौकट आणि कडे यांपैकी कोणाला थोपवायचे आणि कोणाला मोकळे सोडायचे, एवढ्यावर गिअर ठरतो.

अशा रचनेचा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विकून दाखवला तो अमेरिकेच्या जनरल मोटर्सने, १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ या नावाने, आणि पुढच्याच वर्षी तो कॅडिलॅकला लाभला. प्रतिस्पर्धी फोर्डची लिंकन ही उंची मोटारसुद्धा पुढे तोच विकत घेऊ लागली, आणि स्वतःच्या कारागिरीचा ज्यांना आत्यंतिक अभिमान, त्या रोल्स-रॉइस मंडळींनीही १९५० नंतरच्या दशकात परवाना काढून हीच अमेरिकन रचना इंग्लंडात बनवली. १९५३ च्या ऑगस्टात मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला, तेव्हा कॅडिलॅकला आपल्या हजारो गाड्या ब्यूकच्या गिअरबॉक्सवर विकाव्या लागल्या. १९७६ साली फेरारीने स्वयंचलित गाडी काढली, तिच्यातही जनरल मोटर्सचाच गिअरबॉक्स होता.

उंची मोटारींना गिअरबॉक्स पुरवण्याचा हा मान आज ज्यांच्याकडे आहे, त्या ‘झेडएफ’ कंपनीची हकीकत मात्र कोणत्याही कादंबरीला शोभेल अशी आहे. ५ ऑगस्ट १९०८ रोजी जर्मनीतील एख्टरडिंगन येथे वादळी वाऱ्याने दोर तुटून काउंट झेपेलिन यांची वायुनौका जळून खाक झाली. वृद्ध काउंट सर्वस्वी बुडाले असे वाटत असतानाच सामान्य जर्मन प्रजेने वर्गणी करून साठ लाख मार्कांहून अधिक रक्कम त्यांच्या हवाली केली. त्या पैशातून न्यास उभा राहिला, आणि वायुनौकांना निर्दोष दंतचक्रे हवीत म्हणून १९१५ साली बोडेनझे सरोवराच्या काठी फ्रीड्रिख्सहाफेन गावी हा कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धानंतर तहाने वायुनौकांवर निर्बंध आले, तेव्हा कारखाना मोटारींकडे वळला. न्यासाच्या दस्तऐवजात काउंटांनी अशी तजवीज करून ठेवली होती की, वायुनौकांचे कार्य चालवणे अशक्य झाल्यास सारी मिळकत लोकोपयोगी कामांसाठी गावाच्या ताब्यात जावी. १९४७ साली तसेच घडले, आणि म्हणून आज या विश्वविख्यात कंपनीची नव्वद टक्क्यांहून अधिक मालकी एका मध्यम आकाराच्या गावाच्या नगरपालिकेकडे असलेल्या न्यासाची आहे, आणि तिच्या नफ्यातून गावातील बालवाड्यांना पैसा मिळत आला आहे. धनिकांच्या मोटारींवर असा परस्पर बसलेला महसूल मला तरी अत्यंत न्याय्य वाटतो.

या कंपनीचा आठ गिअरचा बॉक्स २००९ साली बीएमडब्ल्यूच्या ‘७ सिरीज’ गाडीत प्रथम आला. चार ग्रहमाला आणि त्यांना जखडणारे अवघे पाच क्लच-ब्रेक. त्यांपैकी कोणत्याही गिअरमध्ये दोनच मोकळे राहतात, त्यामुळे फुकटचे घर्षण कमी आणि इंधनाची बचत अधिक. हीच मूळ रचना पुढे ऑडी, रोल्स-रॉइस, बेंटले, मासेराती आणि मुंबईच्या टाटांच्या मालकीच्या जग्वार व लँड रोव्हर या गाड्यांत गेली. मग या गाड्या निरनिराळ्या का वाटतात? कारण गिअर केव्हा आणि किती अलगद बदलायचा, हा हुकूम देणारी संगणकाची आज्ञावली प्रत्येक घराणे आपल्या स्वभावानुसार घडवून घेते. २०१३ च्या रोल्स-रॉइस रेथमध्ये तर उपग्रहाकडून पुढचे वळण आधीच जाणून घेऊन गिअर निवडण्याची सोय आहे.

मर्सिडीझचा बाणा वेगळा: ती आपले गिअरबॉक्स स्वतः रचते, आणि २०१३ पासून तिचा नऊ गिअरचा बॉक्स चालू आहे. आठ गिअरचा पहिला मान मात्र जर्मनांचा नव्हे. तो २००६ च्या लेक्ससचा, म्हणजे खरे पाहता जपानच्या आइसिन कंपनीचा. याच आइसिनचा सहा गिअरचा बॉक्स आपल्याकडील महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्येही बसवला गेला.

जुनी उंची गाडी घेण्याचा ज्यांचा मनोदय असेल, त्यांना एक व्यावहारिक सूचना. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, असे मोटारविक्रेते बिनदिक्कत सांगत आले आहेत. परंतु खुद्द झेडएफचा सल्ला ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तेल बदलावे असा आहे. या कंपनीच्या पुष्कळ बॉक्सना खाली प्लॅस्टिकचे तेलपात्र असते, त्यातच गाळणी बसवलेली असते, आणि झिजलेल्या धातूची बारीक पूड धरून ठेवणारी लोहचुंबके त्याच्या तळाशी असतात. तेल बदलताना हे पात्रही सबंध नवे घालावे लागते. तेव्हा सौदा ठरवण्यापूर्वी हे काम झाल्याची पावती मागून घ्यावी.