बदामाचा राजा दोनदा मोजू नका

नाणं दोनदा उडवायचं आहे. निदान एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता किती? पहिल्या फेकीत छापा पडण्याची १/२, दुसऱ्या फेकीतही १/२. बेरीज केली तर १ येते, म्हणजे छापा पडणारच! पण लागोपाठ दोनदा काटा पडताना आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. बेरीज चुकली हे उघड आहे. ती नेमकी कुठे चुकली, हे सावकाश पाहायला हवं, कारण इथे भलेभले अडखळले आहेत. दालाँबेर हा अठराव्या शतकातला मोठा फ्रेंच गणिती. १७५४ साली फ्रेंच विश्वकोशातल्या लेखात त्याने या प्रश्नाचं उत्तर २/३ असावं असं मांडलं. पहिल्याच फेकीत छापा पडला तर खेळ तिथेच संपला. म्हणून शक्यता तीनच, ‘छापा’, ‘काटा-छापा’ आणि ‘काटा-काटा’, आणि त्यांतल्या दोन आपल्या बाजूच्या. पण या तीन शक्यता समान नाहीत. पहिली निम्म्या वेळा घडते, उरलेल्या दोन प्रत्येकी पाव वेळा. म्हणून खरं उत्तर ३/४.

हे दरवेळी यादी न करता कसं काढायचं, ते पत्त्यांवर चांगलं दिसतं. ५२ पत्त्यांतून एक ओढला. तो बदामाचा असेल किंवा राजा असेल (दोन्ही असला तरी चालेल), तर आपण जिंकलो. बदामाचे पत्ते १३, राजे ४, मिळून १७. आता हे पत्ते खरोखर टेबलावर मांडून पाहा, १६च भरतात. बदामाचा राजा बदामांतही मोजला गेला आणि राजांतही. तो एकदा वजा केला की १६/५२, म्हणजे ४/१३.

सगळा नियम एवढाच आहे: दोन घटनांच्या संभाव्यता मिळवा आणि दोन्ही एकदम घडण्याची संभाव्यता एकदा वजा करा. नाण्याच्या बाबतीत दोन्ही फेकींत छापा पडण्याची संभाव्यता १/४, म्हणून १/२ + १/२ − १/४ = ३/४. बदाम किंवा इस्पिक असं विचारलं तर एकही पत्ता सामाईक नाही, तिथे साधी बेरीज पुरते.

खरी मेहनत असते ती हा सामाईक भाग शोधण्यात. नाण्याच्या दोन फेकींचा एकमेकींशी संबंध नसतो, म्हणून १/२ गुणिले १/२ करता आलं. पावसाचं तसं नाही. शनिवारी पावसाची शक्यता ५० टक्के, रविवारीही ५० टक्के, तर दोनपैकी एका दिवशी तरी पाऊस पडण्याची शक्यता किती? ७५ टक्के म्हणण्याचा मोह होतो. पण पावसाची झड लागली की ती दिवस बघून थांबत नाही. शनिवारचा पाऊस बहुधा रविवारीही असतो. सामाईक भाग मोठा झाला की उत्तर ७५च्या खाली येतं, आणि दोन्ही दिवस पूर्णपणे एकमेकांना बांधलेले असतील तर थेट ५०वर. नुसत्या दोन आकड्यांवरून एवढंच सांगता येतं की उत्तर ५० ते १०० टक्क्यांच्या दरम्यान आहे. मला हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि घाईत नेमका हाच सुटतो.

घटना दोनाहून जास्त झाल्या की वजाबाक्या वाढत जातात. फासा चार वेळा टाकून एकदा तरी सहा पडण्याची संभाव्यता या वाटेने काढायची तर सहा जोड्या वजा करा, चार त्रिकुटं परत मिळवा, मग चारही वेळा सहा पडण्याची संभाव्यता वजा करा. त्यापेक्षा उलट बाजूने जावं. एकदाही सहा न पडण्याची संभाव्यता ५/६चा चौथा घात, म्हणजे ६२५/१२९६. ती १मधून वजा केली की ६७१/१२९६, निम्म्याहून थोडी जास्त.

चार फेकींत एकदा तरी सहा पडण्याची बाजू निम्म्याहून जड आहे, हे सतराव्या शतकात शव्हालिए द मेरे या फ्रेंच लेखकाला माहीत होतं. दोन फाशांवर एकदम सहा-सहा हवे असतील तर शक्यता ६ऐवजी ३६ होतात, म्हणून ४च्या जागी त्याच प्रमाणात २४ फेकी पुरतील, असं त्याला वाटे. हिशेब मात्र तसा येईना आणि अंकगणितच स्वतःशी विसंगत आहे अशी त्याची तक्रार होती. गणिती पास्कलने २९ जुलै १६५४च्या पत्रात ती दुसरा गणिती फेर्मा याला कळवली. ३५/३६चा चोविसावा घात १मधून वजा केला तर सुमारे ०.४९१ उरतात, निम्म्याहून कमी. आणखी एक फेक वाढवली की सुमारे ०.५०६ होतात. मेरेला २५ फेकी लागणार होत्या.