एक हात तुटल्यावर दुसरा कशाने तोडला?

शारदीय नवरात्रात घरोघरी घट बसतात आणि सायंकाळची आरती आटोपली, की दूरचित्रवाणी संचापुढे आबालवृद्धांची बैठकही बसते. देवादिकांचे आणि संतांचे चित्रपट सणावारी पाहण्याची आपली आवड आता शंभरी ओलांडून गेली आहे. आमच्या तुळजापूरच्या घरी मात्र चित्रपटापेक्षा नातवंडांच्या शंकाच अधिक रंगतात. आयुष्यभर शास्त्रग्रंथ चाळलेल्या मजसारख्या कीर्तनकाराचीही त्यांपुढे तारांबळ उडते.

‘आजोबा, बाण सोडण्यापूर्वी राक्षस एवढा वेळ हसतो कशाला? तेवढ्यात त्याचे काम झाले नसते का?’ हा नित्याचा पहिला प्रश्न. ‘स्त्रीच्या हातून मरण येणार नाही, असा वरही महिषासुराने मागून का घेतला नाही?’ हा दुसरा. याचे उत्तर पुराणातच आहे. स्त्री आपले काय वाकडे करणार, या गर्वात तो राहिला. म्हणजे ही चूक कथेची नव्हे, त्या असुराची आहे, आणि तिचेच फळ म्हणून आपण हे नऊ दिवस साजरे करतो.

कधी चूक थेट पडद्यावरच असते. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली तारामती झाले अण्णा साळुंके, कारण चित्रपटात काम करण्यास स्त्रिया मिळेनात. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका याच साळुंक्यांनी केल्या. ज्याला शोधायचे तोच शोधणारा! वेदान्त्याला यात अद्वैत दिसेल. नातवंडांना केवळ घोटाळा दिसतो.

‘जय संतोषी माँ’ हा १९७५ सालचा चित्रपट. तो पाहताना लोक चपला बाहेर काढून बसत, पडद्यावर फुले आणि नाणी उधळत. पण त्यात तीन थोर देवी एका गरीब भक्त स्त्रीचा छळ करतात, आणि तोही मत्सरापोटी! ‘देवीमाहात्म्या’त साऱ्या शक्ती अखेर एकाच जगदंबेत विलीन होतात. मग कोणी कोणाचा मत्सर करायचा? ही शंका मी सूनबाईंपुढे मांडली. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मामंजी, त्या देवी नसून जावा आहेत असे समजून बघा, म्हणजे सगळे जुळते.’ मी ग्रंथ मिटला.

प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबा वैकुंठाला निघतात, पण जिजाईला मात्र घरच्या स्वयंपाकाची चिंता. नातू म्हणाला, ‘दारात गरुड आला तरी तिला चुलीचेच कसे सुचते?’ यात चूक कसली! घरात मुले भुकेली असली, की आईला वैकुंठ दिसायला उशीर लागतोच.

मीमांसकांनी अशा शंकांसाठी एक सोय करून ठेवली आहे. जे वाक्य स्तुतीसाठी आले, ते अर्थवाद; त्याचे शब्द कसाला लावू नयेत, त्यामागचे तात्पर्य पाहावे. हे शस्त्र परजून मी वर्षानुवर्षे निर्धास्त होतो.

एका नवरात्रात उत्तररंगाला गोरोबाकाकांचे आख्यान लावले होते. तेरचे गोरोबा म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्याचेच दैवत. भजनाच्या तंद्रीत त्यांच्या पायाखाली चिखलात लेकरू तुडवले गेले. पुढे विठ्ठलाची शपथ मोडली म्हणून त्यांनी स्वतःचे हात तोडले. अखेर पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात हातही परत आले आणि लेकरूही. पुढच्या रांगेतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘महाराज, एक हात तुटल्यावर दुसरा कशाने तोडला?’ मी म्हटले, ‘बाळ, गोरोबांच्या घरी विळी होती. विळी धरायला हात लागत नाही, ती पायाखाली धरतात!’ मंडपात हशा पिकला. मीही स्वतःवर खूश झालो.

आरतीनंतर एक वृद्धा बुक्का लावून घ्यायला थांबली. लोहारा तालुक्यातली होती. ‘म्हाराज, हाताचं राहू द्या,’ ती म्हणाली, ‘गोरोबाकाकाचं लेकरू परत आलं. माझं का न्हाई आलं?’ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गाव निजलेले असताना झालेल्या भूकंपात तिचा मुलगा गेला होता.

मला अर्थवाद आठवला. तो तिला सांगण्याचे धैर्य झाले नाही. मी गप्प उभा राहिलो. तेव्हा तीच म्हणाली, ‘तुम्ही सांगताव तवा घटकाभर आल्यावानी वाटतं. म्हणून दरसाल येते.’ आणि नारळ घेऊन ती अंधारात चालू लागली.

तेव्हापासून गोरोबाकाकांचे लेकरू परत येते त्या ठिकाणी मी घाई करीत नाही; चिपळ्या थांबवतो, त्याला आईपर्यंत पोचू देतो. विळीचा विनोद अजून करतो, पण तो त्याच्या पुष्कळ आधी उरकून घेतो.

वाचकहो, सणाच्या चित्रपटांतल्या चुका मुलांना खुशाल काढू द्या. प्रश्न विचारणारे लेकरू लक्ष देऊन ऐकत असते. फक्त आपल्या शेजारी कोण बसले आहे, एवढे पाहून हसावे.

आई राजा उदो उदो!