उलाढाल मोठी, उत्पन्न बेताचे

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात शेठ वालचंद हिराचंद यांनी साखरेबरोबर यंत्रनिर्मितीही रुजविली. अभियांत्रिकीशी आपल्या समाजाचे नाते असे जुने आहे. आज बारामती आणि इंदापूर, दोन्हीकडे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. अडते ते शुल्कापाशी.

‘आपण व्यापारी, शिष्यवृत्ती आपल्यासाठी नाही’ या समजुतीने अनेक पालक अर्जच करीत नाहीत. वस्तुतः दुकानाची उलाढाल नव्हे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पाहिले जाते. ते ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून खुल्या प्रवर्गातील मुलास निम्मे, तर मुलीस पूर्ण शिक्षण शुल्क मिळू शकते. त्यासाठी तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि महाडीबीटीवर अर्ज आवश्यक आहे.

प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. जागा हुकेल या भीतीने व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला, तर हा लाभ मिळत नाही. म्हणून बारावीची परीक्षा संपताच दाखल्यांच्या तयारीस लागावे.

मुलांच्या उरलेल्या निम्म्या शुल्कासाठी समाजातील संपन्न घरांनी गुप्तदानाने हात द्यावा. विद्यादानासारखे दुसरे पुण्य कोणते?