गोष्ट, हसू आणि धडा

दुपारच्या तासाला वर्ग पेंगू लागतो. शिक्षक पुस्तक मिटून म्हणतो, ‘एका गावात एक म्हातारी राहत असे,’ आणि खाली गेलेल्या माना वर होतात. गोष्टीचे हे सामर्थ्य सर्वांस ठाऊक आहे. परंतु जागा झालेला वर्ग पुढे कोठे न्यावयाचा, हा खरा प्रश्न होय.

त्याचे उत्तर छत्तीसगडातील एका लहानशा कथेत सापडते. माधवराव सप्रे हे मराठी घरातले. त्यांचे शालेय शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. काही काळ ते पेंड्र्याच्या राजकुमाराचे शिक्षकही होते. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले आणि १९०१ मध्ये त्यात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा लिहिली. वाड्याचे आवार वाढविण्यासाठी एक जमीनदार गरीब विधवेची झोपडी कायद्याच्या बळावर हिरावून घेतो. रुसलेल्या नातीसाठी चूल घालावी म्हणून म्हातारी तेथली टोपलीभर माती मागते आणि टोपलीला हात लावण्याची त्यालाच विनंती करते. टोपली त्याला उचलत नाही. मग एवढ्या साऱ्या मातीचा भार जन्मभर कसा वाहणार, असे ती विचारते. जमीनदार खजील होतो व झोपडी परत करतो.

नागरिकशास्त्राच्या तासाला हक्क आणि न्याय यांची व्याख्या पाठ करून घेण्यापूर्वी ही कथा सांगावी. सांगून होताच तात्पर्य उच्चारण्याची घाई मात्र करू नये. ‘टोपली खरोखरच जड होती काय?’ एवढेच विचारावे. मुले वाद घालू लागली, की व्याख्येकडे वळावे. या परतीच्या वाटेचा विसर पडला, तर गोष्ट लक्षात राहते आणि धडा हरवतो.

विनोदाचे पथ्य याहून कडक आहे. टोपलीशी झटणारा जमीनदार पाहून मुले हसतात. ते हसू मुजोरीला लागते. परंतु हशा पिकविण्यासाठी शिक्षकाने म्हातारीच्या कापऱ्या आवाजाची नक्कल केली, तर त्याच कथेतून वर्ग दुबळ्यास हसावयास शिकेल.

रायपूरजवळ आज नवा रायपूर हे राजधानीचे नगर वसले आहे. अशा ठिकाणी एकाच वर्गात कोणाच्या घरी छत्तीसगढी, कोणाच्या हिंदी, तर कोणाच्या मराठी बोलली जाते. उत्तर देताना घरचा शब्द तोंडातून निसटला आणि त्यावर गुरुजीच हसले, तर ते मूल पुन्हा हात वर करीत नाही. त्याची चूक दुरुस्त होत नाही. ती केवळ झाकली जाते. हसावयाचेच असेल, तर शिक्षकाने फळ्यावरील स्वतःच्या चुकीला हसावे. चूक करूनही मान ताठ ठेवता येते, हे मुलांना त्यातून कळते. आणि उद्या वर होणाऱ्या हातांत एका हाताची भर पडते.