फालो चतुष्क : दुरुस्तीनंतरची पुनःशस्त्रक्रिया

फालो चतुष्क या जन्मजात हृद्‌विकाराची बालपणी दुरुस्ती झालेल्या रुग्णावर अनेक वर्षांनी, बहुधा तारुण्यात वा प्रौढपणी, करावी लागणारी शस्त्रक्रिया. या विकारात चार दोष एकत्र आढळतात : दोन निलयांमधील पडद्यास छिद्र, उजव्या निलयाकडून फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद, महारोहिणीचे मुख छिद्रावर सरकलेले आणि उजव्या निलयाची भित्ती जाड. फ्रेंच वैद्य आर्त्यूर फालो यांनी १८८८ मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्याची पहिली संपूर्ण दुरुस्ती वॉल्टन लिलहाय यांनी १९५४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात केली.

दुरुस्तीत छिद्र बुजवून अरुंद मार्ग रुंद करतात. त्यासाठी पुष्कळदा फुप्फुस-रोहिणीच्या झडपेचे कडे छेदून तेथे ठिगळ लावावे लागते. त्यामुळे अडथळा दूर होतो. पण झडप नीट मिटत नाही व प्रत्येक ठोक्यानंतर काही रक्त उजव्या निलयात परत येते. ही गळती अनेक वर्षे सहन होते. निलय मात्र हळूहळू विस्फारते, त्याची आकुंचनशक्ती घटते आणि हृदयाची लय बिघडू शकते. ईसीजी आलेखातील क्यूआरएस कालावधी १८० मिलिसेकंदांवर गेल्यास घातक लयदोषाचा व आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो.

धाप लागणे, थकवा, धडधड ही लक्षणे उशिरा प्रकट होतात. स्वतःस पूर्ण बरा समजून रुग्णाने तपासणी सोडल्यास निलयाची हानी भरून न येण्याजोगी होऊ शकते. म्हणून लक्षणे नसतानाही आयुष्यभर नियमित तपासणी आवश्यक असते. निलयाचे आकारमान चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने मोजतात व त्यावरून नवी झडप बसविण्याची वेळ ठरवितात.

पुनःशस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. पूर्वीच्या जखमेच्या व्रणऊतकामुळे हृदय उरोस्थीला चिकटलेले असते व अस्थी कापताना त्यास इजा होण्याची भीती असते. म्हणून आधी सीटी चित्रण करून हे अंतर पाहतात. जरूर तेव्हा जांघेतील रक्तवाहिन्यांतून हृदय-फुप्फुस यंत्र जोडून मगच छाती उघडतात. त्यानंतर बहुधा प्राणिज ऊतकाची झडप बसवितात. फिलिप बोनहॉफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये पॅरिस येथे नलिकेच्या साहाय्याने, छाती न उघडता, अशी झडप बसविली. ही पद्धती आता योग्य शरीररचना असलेल्या रुग्णांत वापरतात.

ऊतकाची झडपही कालांतराने झिजते. तरुण वयात अधिक लवकर. त्यामुळे पुढे आणखी एखादा उपचार करावा लागण्याची शक्यता राहते. बालपणीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे जपून ठेवणे या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.